गाव, भाषा, आडनाव बघून काम नाकारलं तर : सोलापुरातल्या कामगारांसाठी

एमआयडीसीतल्या एखाद्या फाटकापाशी सकाळी आठला भरती चालू असते. मुकादम आधार कार्ड हातात घेतो आणि आधी उलटं करतो. फोटो नाही, वय नाही. त्याला मागचा पत्ता बघायचा असतो. कर्नाटकातला इंडी तालुका दिसला तर त्याच्या मनात एक हिशेब, बिहार दिसला तर दुसरा, सेटलमेंट (इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची जुनी वसाहत) दिसलं तर तिसरा. तोंडाने तिघांनाही तो एकच सांगतो : "जागा भरली."

त्यामागची कारणं वेगळी असतात आणि कायदाही प्रत्येक कारणाला वेगळा लागतो. काही कारणांना तर लागतच नाही. हे न कळल्यामुळे माणूस पोलीस ठाण्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत खेटे घालतो आणि मुदत तेवढी निघून जाते.

आधी संविधानाचं

संविधानाचं कलम १५ सरकारला जन्मस्थानावरून भेदभाव करू देत नाही. कलम १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास या कारणांनी डावलायला बंदी करतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. या दोन्ही याद्यांत 'भाषा' हा शब्द नाही. आणि नोकरीच्या बाबतीत ही कलमं बांधतात ती सरकारला : राज्य शासन, महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी कंपन्या, सरकारी बँका. टॉवेलचा कारखाना, गणवेश शिवणारं युनिट, कापडाचं दुकान, खासगी दवाखाना यांना ती थेट लागत नाहीत. खासगी भरतीत मूळ गाव किंवा मातृभाषा बघू नका, असं सांगणारा एक सरसकट कायदा भारतात नाही.

आहेत ते सुटे कायदे, एकेका कारणापुरते. बाई म्हणून नाकारलं तर वेतन संहिता २०१९, अपंगत्वावरून नाकारलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, एचआयव्हीवरून नाकारलं तर २०१७ चा, तृतीयपंथी म्हणून नाकारलं तर २०१९ चा. जातीचा भाग खाली सविस्तर आहे. मागावर ताणा तुटला तर कुणी आख्खा बीम उलगडत बसत नाही, तुटलेलं टोक शोधून गाठ मारतो. इथेही आपली तक्रार कुठल्या धाग्यात बसते ते आधी शोधायचं.

त्यासाठी तीन प्रश्न : नाकारलं कोणी, सरकारने की खासगी मालकाने? नाकारलं कधी, कामावर घेण्याआधी की घेतल्यावर? आणि कशावरून?

चौथी गोष्ट प्रश्न नाही, सल्ला आहे. भेदभाव सिद्ध करणं फार अवघड असतं, कारण मालकाच्या मनात काय होतं ते दाखवावं लागतं. पगार कमी दिला, हजेरी कापली, नियुक्तिपत्र दिलं नाही, हे सिद्ध करणं सोपं, कारण ते कागदावर असतं. दोन्ही झालं असेल तर सोपं ते आधी पकडा.

सरकारी भरतीत डावललं असेल

इथे संविधान थेट कामाला येतं. जाहिरातीत "जिल्ह्यातील रहिवाशांना जादा गुण" अशी अट दिसली तर ती न्यायालयात टिकणं कठीण. राजस्थानातल्या शिक्षक भरतीत जिल्ह्याच्या आणि ग्रामीण भागातल्या रहिवाशांना दिलेले बोनस गुण सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बेकायदा ठरवले होते.

निवडयादी लागल्याबरोबर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तीनच गोष्टी मागा : माझे गुण, माझ्या प्रवर्गातल्या शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराचे गुण, आणि मला अपात्र ठरवल्याची कारणनोंद. "भरतीची संपूर्ण फाईल द्या" असं लिहिलं की टोलवाटोलवीला निमित्त मिळतं.

दाद कुठे मागायची, यात लोक हमखास चुकतात. राज्य शासनाच्या खात्यातली नोकरी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. आदेशापासून एका वर्षाच्या आत. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या नोकऱ्या मॅटकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे रिटसाठी मुंबईच्या फेऱ्या आता उरल्या नाहीत.

सीमाभागातल्यांसाठी एक नोंद. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना राज्याच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावातल्या वास्तव्याचा दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा. सीमेपलीकडचं प्रत्येक गाव त्यात नाही.

"मराठी येत नाही" हे कारण

सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी आणि भांडणात दखनी अशी सरमिसळ पिढ्यान् पिढ्या आहे. तरी भरतीत भाषेचं कारण पुढे येतंच. त्याची परीक्षा एका प्रश्नाने करा : या कामाला ही भाषा लागते का? गिऱ्हाइकाशी बोलणारा, दवाखान्यात रुग्णाची माहिती लिहून घेणारा, शाळेत शिकवणारा, यांना लागते. वार्पिंगवरच्या (ताणा भरणाऱ्या), पॅकिंगच्या, हमालीच्या माणसाला लिहिता-वाचता येणारी मराठी कशाला लागते, हे मालकाला सांगता यायला हवं. सुरक्षेच्या सूचना समजण्यापुरती भाषा मागणं रास्त आहे; आडनाव तेलुगू म्हणून ती येत नसणार, असं धरून चालणं रास्त नाही.

खासगी मालकाविरुद्ध निव्वळ भाषेच्या मुद्द्यावर भरतीच्या टप्प्यात खटला उभा राहत नाही. तरीही लेखी कारण मागा. पुढे दुसरा धागा सापडला तर हेच उत्तर पुरावा होतं. लेखी मागितल्यावर "उद्या ये, बघू" असं म्हणणारेही बरेच निघतात.

"लोकल नको" आणि "बाहेरचे नको"

दोन्ही चालतं. स्थानिक पोरं युनियन करतात, सणाला दांड्या मारतात, म्हणून काही ठिकाणी बाहेरचेच भरतात. काही ठिकाणी बाहेरच्यांना फाटकावरूनच परत लावतात.

स्थानिकांसाठी कायदा कमी आणि धोरण जास्त आहे. शासनाची प्रोत्साहनं घेणाऱ्या उद्योगांनी एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकांच्या जागांत ५० टक्के स्थानिक घ्यावेत, असं राज्याचं धोरण आहे. जो कारखाना अशी सवलत घेतो त्याच्याबद्दल जिल्हा उद्योग केंद्रात तक्रार करता येते. सवलत न घेणाऱ्याला हे लावता येत नाही. आणि 'स्थानिक' ठरतं ते महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यावरून, आडनावावरून किंवा मातृभाषेवरून नाही. पूर्व भागात तीन पिढ्या राहिलेलं तेलुगू भाषिक पद्मशाली कुटुंब या व्याख्येत शंभर टक्के स्थानिक आहे. हे मुकादमालाही सांगायला हरकत नाही.

खासगी नोकऱ्यांत कायद्याने राखीव जागा ठेवायचा हरियाणाचा ७५ टक्क्यांचा प्रयत्न पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे कुणी "इथे कायद्याने ८० टक्के आमचेच" म्हणून दुसऱ्या कामगाराला हाकलत असेल तर त्याच्या हातात असा कायदा नाही. भाषेवरून किंवा जन्मस्थानावरून दोन गटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. एखाद्या प्रादेशिक किंवा भाषिक गटाला नागरिकांचे हक्क मिळू नयेत असा प्रचार करणं कलम १९७ मध्ये येतं. धमकीचा मेसेज, मारहाण, खोलीवर येऊन दमदाटी, हे पोलिसांकडे न्या. नुसता नोकरीचा नकार त्यांच्याकडे नेऊन काही होत नाही.

कामावर घेतल्यानंतरचा भेदभाव

माणूस एकदा हजेरीवर आला की चित्र बदलतं. एका गावच्यांनाच दिवसपाळी, बाकीच्यांना कायम रात्रपाळी. जॉबरच्या, म्हणजे मागांवरच्या मुकादमाच्या, भाषेतल्यांना चांगले माग, इतरांना सतत धागा तुटणारे. ज्याला मीटरवर मजुरी मिळते त्याच्यासाठी माग बदलणं म्हणजे पगार कापणं.

अनुचित कामगार प्रथांविरुद्ध राज्याचा १९७१ चा कायदा आहे. संघटनांमध्ये त्याला एमआरटीयू-पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही स्पष्टपणे अनुचित प्रथा आहे. याची तक्रार औद्योगिक न्यायालयात होते. आकसाने किंवा खोटी कारणं दाखवून कामावरून काढलं असेल तर तक्रार कामगार न्यायालयात. दोन्हीकडे मुदत घटनेपासून ९० दिवस. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, पण "साहेब म्हणाले बघू" हे सबळ कारण धरलं जात नाही. तोंडी आश्वासनांवर हे ९० दिवस जितके वाया जातात तितके दुसऱ्या कशावर जात नाहीत.

कंत्राटी कामगाराला इथे एक खड्डा आहे. "हा आमचा माणूसच नाही, कंत्राटदाराचा" असं कंपनीने म्हटलं आणि नातंच वादात सापडलं, तर ते आधी योग्य मंचावर ठरवून आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दोन निकालांत सांगितलं आहे. म्हणून कंत्राटी कामगाराने या वाटेला जाण्याआधी वकिलाला विचारावं आणि तोवर पगाराचा धागा पकडावा.

परराज्यातून आलेल्यांचा पगार

समजा, एका बांधकामावर बारा जण ओडिशाचे आणि आठ जण मोहोळ-माढ्याकडचे. काम एकच, मजुरीत रोजचा फरक शंभर रुपयांचा. ओडिशाचे म्हणून कमी दिले, हे सिद्ध करायला वर्षं जातील. पण त्यांची मजुरी किमान वेतनापेक्षा कमी असेल तर कारण विचारायची गरजच पडत नाही. किमान वेतन प्रत्येकाला सारखं आहे. त्यात गाव, राज्य, भाषा काहीही मोजत नाहीत.

हिशेब असा करा. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे त्या उद्योगाचा, त्या परिमंडळाचा (दरासाठी पाडलेल्या विभागाचा) मूळ दर अधिक विशेष भत्ता. भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. म्हणून ज्या महिन्याचा दावा त्या महिन्याचा दर धरायचा. मागच्या वर्षीचा दर धरून कमी रक्कम मागणारे अर्ज कमी नसतात. ओव्हरटाइमचे तास वेगळे लिहा; त्याचा दर दुप्पट असतो. वेतनाच्या दाव्याची मुदत वेतन संहितेखाली तीन वर्षं आहे, म्हणजे ९० दिवस हुकलेल्यालाही ही वाट उघडी राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. दोन फरक महत्त्वाचे. जुना कायदा पाच कामगारांना लागायचा, नवा दहांना लागतो, हा तोटा. जुन्यात कंत्राटदाराने आणलेलाच माणूस मोजायचे, आता स्वतःहून येऊन काम मिळवलेलाही मोजतात, महिना पगार १८,००० रुपयांपर्यंत असेल तर, हा फायदा. अशा कामगाराला गावी जाऊन येण्याचं भाडं वर्षातून एकदा मालकाने द्यायचं असतं. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, आरोग्य तपासणी, जे इतरांना ते त्यालाही. रेशन त्याला मूळ राज्यात किंवा इथे, दोन्हींपैकी एका ठिकाणी घेता येतं.

याच संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं सक्तीचं केलं आहे. ते मागा. मिळालं तर पुरावा झाला. नाही मिळालं तर न देणं ही स्वतंत्र तक्रार. काम सुटलं किंवा काढलं तर शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. "गावाहून परत आलास की देतो" हे चालत नाही.

जात, सेटलमेंट आणि पत्ता

सेटलमेंटचा पत्ता दिसला की चेहरा बदलणारे अजून आहेत. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तारेचं कुंपण गेलं, पण अर्जातल्या पत्त्याच्या रकान्यातून ते डोकावतंच. इथे कायद्याची वाट अरुंद आहे आणि ती आडनावागणिक बदलते.

अॅट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना संरक्षण देतो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना तो लागतो. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, पण सोलापुरात विमुक्त जातीत. त्यांना इथे लागत नाही. एकाच गल्लीत शेजारच्या दोन घरांना दोन कायदे, असा हा प्रकार आहे. जातीचा दाखला नीट वाचल्याशिवाय तक्रार लिहायला बसू नका.

ज्यांना लागतो त्यांच्यासाठी त्यात कामाचं कलम आहे : इतरांना खुलं असलेलं काम, धंदा किंवा नोकरी करण्यापासून या समाजाच्या माणसाला अडवणं हा गुन्हा आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर तो लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावं लागतं. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं बहुतेकदा टिकत नाही. त्यामुळे फाटकावर कोण कोण उभं होतं त्यांची नावं लिहून ठेवा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

कर्नाटकातून किंवा तेलंगणातून आलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला इथे आरक्षण मिळत नाही, त्यावरून "तुला अॅट्रॉसिटीही लागत नाही" असं ठाण्यात सांगतात. ते चूक आहे. मूळ राज्य वेगळं असलं तरी संरक्षण मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये ठरवलं. दुसऱ्या राज्याचा दाखला जवळ ठेवा.

जे घडलं नाही ते तक्रारीत घालू नका. पत्त्यावरून नाकारलं असताना "जातीवाचक शिवी दिली" असं कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं की उलटतपासणीत खरा भागही बुडतो.

पुरावा : इथे वेळ घाला

अर्ज कुणीही लिहून देईल. पुरावा तुम्हालाच जमवायचा आहे, आणि तोही पहिल्या आठ दिवसांत.

त्याच दिवशी वहीत लिहा : तारीख, वेळ, फाटक क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव किंवा वर्णन, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. तो कन्नडमध्ये बोलला असेल तर कन्नडच, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. "त्याने माझ्याशी भेदभाव केला" हे वाक्य वहीत नको, तो निष्कर्ष आहे. "आधार कार्ड उलटं करून पत्ता वाचला, म्हणाला 'तिकडचे लोक नको, साहेबांनी सांगितलंय'" हे हवं.

व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढताना वरचं ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख त्यात आली पाहिजे. मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हातात नसेल तर ते करताना पंचाईत होते. आपण स्वतः ज्या बोलण्यात आहोत त्याचं रेकॉर्डिंग उपयोगी पडतं. दुसऱ्या दोघांचं चोरून टिपलेलं बोलणं आणू नका.

"जागा भरली" खोटं होतं हे दाखवायचा साधा मार्ग : दोन-तीन तासांनी ओळखीच्या दुसऱ्या माणसाने त्याच नंबरवर फोन करून जागा आहे का विचारायचं. "या की, पाच जण हवेत" असं उत्तर आलं तर त्याची वेळ लिहा आणि फोनची नोंद जपा. तुमच्याएवढाच अनुभव असलेल्या कुणाला त्या दिवशी घेतलं तेही टिपा. तुलना नसेल तर भेदभावाची तक्रार हवेत राहते.

पगाराच्या तक्रारीला बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, हजेरी कार्ड, गेट पास, शिफ्टच्या याद्यांचे फोटो. रोख मिळत असेल तर दर आठवड्याला कंत्राटदाराला मेसेज करा : "या आठवड्याचे सहा दिवसांचे अमुक रुपये मिळाले." त्याने उत्तरात नुसतं होकाराचं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं तरी नोंद झाली.

आणि कोऱ्या कागदावर सही, "स्वखुशीने राजीनामा", "सर्व हिशेब मिळाला" यांवर सही करायची नाही. करावीच लागली तर सहीशेजारी तारीख आणि "रक्कम मिळाली नाही" असं लिहा, आणि कागदाचा फोटो काढा.

अर्ज कसा लिहायचा

एक पान पुरे. संहिता नव्या असल्याने कलमांचे आकडे चुकतात. कलम माहीत नसेल तर लिहू नका. घटना नीट लिहिली तर कलम अधिकारी लावतो. नमुना असा :

प्रति, मा. सहायक कामगार आयुक्त, सोलापूर.
विषय : किमान वेतनापेक्षा कमी मजुरी व असमान वागणुकीबाबत.
मी (नाव), मूळ गाव (…), (कारखान्याचे नाव व पत्ता) येथे (कंत्राटदाराचे नाव) यांच्यामार्फत दि. (…) पासून (कामाचा प्रकार) करतो. मला रोज (…) रुपये मिळतात. त्या काळातील किमान वेतन (…) रुपये आहे. फरक दिवसाला (…), एकूण (…) दिवसांचा (…) रुपये. हेच काम करणाऱ्या (…) गावच्या कामगारांना (…) रुपये मिळतात. दि. (…) रोजी विचारले असता (शब्द जसेच्या तसे) असे सांगण्यात आले. मला नियुक्तिपत्र व वेतनचिठ्ठी दिलेली नाही. फरकाची रक्कम मिळवून द्यावी व चौकशी करावी ही विनंती.
सोबत : पासबुक, हजेरी कार्ड, मेसेज यांच्या प्रती.

दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. अर्जात कंत्राटदार आणि मूळ मालक दोघांनाही पक्ष करा. कंत्राटदार पळाला तर मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर येते. सात-आठ जणांची तक्रार एकच असेल तर सगळ्यांच्या सह्या एका अर्जावर घ्या. एकट्याला वेचून काढणं सोपं असतं.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीसाठी १४४३४.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं

आखातात जाणाऱ्याने एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघावं. त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात राष्ट्रीय मूळावरून भेदभावाला बंदी आहे. तरी पासपोर्ट बघून पगार ठरवण्याची रीत गेलेली नाही, म्हणून आकडा विमानात बसण्याआधी करारात लिहून घ्या.

अमेरिकेत मात्र हे कारण कायद्यात थेट नाव घेऊन आहे आणि खासगी मालकालाही लागतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं शीर्षक १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला राष्ट्रीय मूळ बघून भरती, पगार, बढती ठरवू देत नाही; बोलण्याची ढब काम करण्यात खरोखर आड येत असेल तरच ती कारण होऊ शकते. तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, १८० दिवसांत. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. ४ ते १४ कर्मचाऱ्यांच्या छोट्या कंपनीत राष्ट्रीय मूळावरून भरती नाकारली किंवा काढून टाकलं तर तक्रार न्याय खात्याच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे, १८० दिवसांत.

एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याने एक बारकावा ध्यानात ठेवायचा. नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं संरक्षण नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांना आहे, त्याला नाही. त्याने तक्रार राष्ट्रीय मूळाच्या मुद्द्यावरच मांडायची. आणि कामावर रुजू होताना आय-नाइन या ओळख आणि कामाची परवानगी तपासणाऱ्या फॉर्मसाठी कोणती कागदपत्रं दाखवायची हे यादीतून कर्मचाऱ्याने निवडायचं असतं. "तू बाहेरचा, ग्रीन कार्डच दाखव" असं मालकाला म्हणता येत नाही.